पिकअपचे मागचे हब आणि ब्रेक: नोंदी, खर्च आणि रखडलेलं काम

२४ मे

द्राक्षं संपली, टोमॅटोला अजून अवकाश आहे. गाडी उभी करायची तर याच दिवसांत. काम नाशिकच्या म्हसरूळला घरच्या अंगणात करणार आहे. खाली फरशी आहे, म्हणून जॅक रुतत नाही.

गाडी दीड टनी पिकअप. पुढे डिस्क, मागे ड्रम, मागचा एक्सल फुल फ्लोटिंग. या एक्सलमध्ये मालाचं वजन हबमधल्या (हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) दोन टेपर बेअरिंगवर येतं आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो, त्यामुळे शाफ्ट बाहेर काढला तरी चाक जागेवर राहतं. तुमच्या गाडीला बेअरिंग थेट शाफ्टवर बसवलेलं असेल तर हबबद्दलच्या पुढच्या नोंदी लागू नाहीत, ब्रेकच्या लागू आहेत.

तक्रार अशी. डाव्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ. ब्रेक दाबला की मागून उजवीकडे ओढ. कसाऱ्याचा घाट माल घेऊन उतरताना लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तराचा, वास, आणि भरलेली गाडी थांबायला पूर्वीपेक्षा जास्त रस्ता लागतो. मागच्या पावसाळ्यानंतर एका गॅरेजमध्ये डावीकडचं सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदललं, लायनरही नवे टाकले. द्राक्षांची वाहतूक सुरू होताच पुन्हा तेल. पुन्हा तिथेच सील बदललं, पुन्हा तेल. नवं सील एवढ्या लवकर का जातं, हे कुणी पाहिलं नाही. ते कळेपर्यंत नवं सील बसवायचं नाही, असं ठरवून काम हाती घेतलंय.

२५ मे

काहीही उघडण्याआधी गाडी दिंडोरी रोडने ढकांब्यापर्यंत नेऊन आणली. परत आल्याबरोबर, एक्सल गरम असतानाच, हाऊसिंगचा, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचाचा, ऑइल भरायचा प्लग सावकाश सैल केला. दोन आटे फिरले नाहीत तोच फुस्स करून हवा बाहेर आली, आणि थोडी थोडकी नाही.

हाऊसिंगच्या वर, उजव्या नळीवर आतली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर असतो. बोटाच्या पेराएवढी पितळी टोपी. ती मातीखाली दिसतही नव्हती. खरवडून काढली, तोंडाला लावून फुंकली, हवा आरपार जाईना. मळ्यातल्या चिखलात गाडी जाते, वरून प्रेशरने धुतली जाते, आणि आत गेलेला चिखल वाळून घट्ट बसतो.

एक्सल चालून तापला की आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती सर्वांत कमजोर जागेतून वाट काढते, आणि ती जागा म्हणजे सीलचा ओठ. सील कितीही चांगल्या कंपनीचं आणा, आतून दाब असेल तर ते तेल सोडणारच. उलट बाजूही तितकीच वाईट आहे. तापलेला एक्सल धुताना एकदम थंड झाला की आत ओढ तयार होते आणि सीलमधून पाणी शिरतं. खालचा प्लग काढून ऑइल ट्रेमध्ये सोडलं तर ते दुधाळ निघालं. पाणी शिरलंय हे नक्की.

ड्रेन प्लगच्या चुंबकाला बारीक राखाडी गाळ होता, तुकडे नव्हते. क्राऊन-पिनियन (एक्सलमधले मुख्य गिअर) बचावलंय.

२६ मे

डावी बाजू उघडली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, हँडब्रेक मोकळा, एक्सल घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर). नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हब ओढू नका. हब निघताना जोराचा धक्का बसतो आणि जॅक सरकतो.

चाक निघालं, ड्रम निघेना. ड्रमच्या कडेला झिजून ओठ तयार होतो आणि शू (लायनर लावलेल्या कमानी) त्यात अडकतात. अशा वेळी हातोडा मारला तर ड्रमला तडा जातो. बॅकप्लेटच्या मागे रबरी बूच असतं. ते काढून स्क्रूड्रायव्हरने अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक उलटं फिरवलं, शू आत आले, मग ड्रमच्या दोन आट्यांच्या भोकांत बोल्ट आलटून पालटून आवळले. ड्रम सरळ बाहेर.

आत लायनर तेलात भिजलेले, वर काळी चकाकी. धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की तिथेच राहतं. साबणाच्या पाण्याने भिजवून ब्रशने ट्रेमध्ये उतरवली, नाकाला मास्क लावून.

शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट काढले. फ्लँजला दोन रिकामी आट्यांची भोकं आहेत, त्यात बोल्ट पिळले की शाफ्ट स्वतःहून सुटतो. शाफ्ट ओढताना खाली ट्रे ठेवा, ऑइल येतंच.

मग लॉकनट दिसला, आणि मागचे दोन्ही वेळचे काम कसं झालं होतं ते कळलं. हा आठ कोनी नट असतो, त्याला खास सॉकेट लागतो. आमच्या नटाच्या कडांवर छन्नीचे घाव होते. लॉक वॉशरचा कान तुटून गेलेला. नट हाताने पाव फेरा फिरला. म्हणजे हब स्पिंडलवर (हब ज्यावर फिरतो त्या एक्सलच्या टोकावर) डोलत होता आणि सील प्रत्येक फेऱ्याला एका बाजूने दाबलं जात होतं.

छन्नी वापरायची नाही म्हणून जाड पाइपाला आठ खाचा कापून, मागे चौकोनी तुकडा वेल्ड करून सॉकेट घरीच तयार केला. अर्धा दिवस त्यातच गेला, पण पुढे प्रत्येक वेळी उपयोगी पडला.

हब बाहेर काढून बेअरिंग रॉकेलमध्ये धुतले. बाहेरच्या बेअरिंगच्या रोलरवर खड्डे, त्याच्या कपावर (बाहेरच्या कड्यावर) एका बाजूलाच पट्टा. आतलं बेअरिंग बरं दिसत होतं, पण नखाने कपावर फिरवलं की खरखर लागते. दोन्ही बदलायचे.

स्पिंडलवर सील जिथे टेकतं तिथे बोटाला खाच लागली. नखाची कड अडकते इतकी खोल. ती खाच पूर्वीच्या दोन्ही सीलांच्या वेळीही तिथे असणार.

२८ मे

उजवी बाजू. दोन्ही बाजू एकाच वेळी उघडू नका. स्प्रिंगा कुठे कशा अडकवायच्या याचा गोंधळ झाला की दुसऱ्या बाजूकडे पाहून लावता येतं. मी डाव्या बाजूचे फोटोही काढून ठेवलेत. अ‍ॅडजस्टरचे आटे डावीकडे आणि उजवीकडे उलट सुलट असतात. त्यांची अदलाबदल झाली तर ब्रेक आपोआप जुळण्याऐवजी सैल होत जातो, म्हणून ते वेगवेगळ्या डब्यांत.

उजवीकडे सील कोरडं, स्पिंडल गुळगुळीत. पण व्हील सिलिंडरचं (शू बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरचं) रबरी बूट उचललं तर आत ब्रेक ऑइल. एका बाजूचा पिस्टन गंजून जाम, म्हणजे या चाकाचा एकच शू काम करत होता. डावीकडे शू तेलकट, उजवीकडे अर्धा ब्रेक. भरलेल्या गाडीचा भार सगळा पुढच्या डिस्कवर. पुढचे पॅड का लवकर झिजतात हेही यातच.

३० मे

नाशिकच्याच द्वारकेला सुट्या भागांच्या दुकानांत. बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, तो लिहून न्या. गाडीचं मॉडेल सांगून घेतलेलं बेअरिंग कधी कधी दुसऱ्या वर्षीच्या एक्सलचं निघतं. कप आणि कोन (रोलरसकट आतलं कडं) जोडीनेच घ्या. जुन्या कपात नवा कोन घातला तर तो महिनाभरात बोलायला लागतो. चारही बेअरिंग ४,१५० रुपये, दोन सील ५२०, लॉकनट आणि वॉशर ३८०, शू सेट १,४८०, स्प्रिंग किट ३२०.

व्हील सिलिंडरपाशी अडकलो. दुकानदाराने दोन दिले. डबे सारखे, भोकं सारखी, बॅकप्लेटवर दोन्ही बसतील. पण अंगावरचे आकडे पाहिले तर एकावर २०.६ आणि दुसऱ्यावर २२.२. हा आतल्या बोअरचा व्यास मिलिमीटरमध्ये. आकड्यात फरक छोटा दिसतो, पण जोर क्षेत्रफळावर ठरतो, आणि २२.२ चा सिलिंडर तेवढ्याच दाबाला साधारण १६ टक्के जास्त जोर देतो. एका चाकाला हा आणि दुसऱ्याला तो लावला असता तर सगळं नवं असूनही गाडी एका बाजूला ओढली असती. जुन्या दोन्हींवर २०.६ आहे. दुकानदाराने गोदामातून दुसरा मागवून दिला, त्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबलो. दोन्हींचे १,३४०.

१ जून

ड्रम आणि स्पिंडलचं माप घेऊन नाशिकच्या अंबडला गेलो. मामेभाऊ तिथे टर्नर (लेथवर काम करणारा) आहे.

ड्रमच्या आत कमाल व्यास ओतलेला असतो, त्याच्या पुढे ड्रम वापरायचा नाही. आमचे दोन्ही ड्रम त्याच्या आत होते, पण डावा गोल राहिला नव्हता, डायल (बारीक फरक मोजायचं गेज) लावल्यावर पाव मिलिमीटरचा फरक दिसला. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी उभी केली की असं होतं. घाट उतरून चहाला थांबताना आपण सगळेच तसं करतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला तर ड्रम वाचतो. दोन्ही ड्रम सारख्याच मापाला टर्न केले, एकच करायचा नाही. कमाल मापापासून ०.६ मिमी शिल्लक आहे. ७०० रुपये.

स्पिंडलच्या खाचेसाठी मी वेल्डिंग भरून घासायचा विचार करून गेलो होतो. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, स्पिंडलला एवढी उष्णता देऊ नका. वाकलं तर हाऊसिंग गेलं. स्लीव्ह घाला." ही पातळ स्टीलची बाही असते, भिंत सुमारे ०.२८ मिमी. खाचेवर चढवली की सीलला नवा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो आणि तेवढ्याने सीलचा नंबर बदलावा लागत नाही. आमच्या मापाची नाशिकमध्ये तयार नव्हती, मागवावी लागली. १,२५० रुपये. पाव मिलिमीटरच्या या एका पातळ नळीसाठी काम थांबलं, पण वेल्डिंगचा पर्याय पुन्हा डोक्यात आणला नाही.

३ जून

स्लीव्ह आली. रात्री पाऊस झाला, अंगणात ताडपत्री बांधून काम.

आधी खाच ब्रेक क्लीनरने पुसून तिच्यात धातूचा इपॉक्सी भरला, कारण खाच खोल होती आणि पोकळीवर बाही दबू शकते. इपॉक्सी ओला असतानाच स्लीव्ह चढवली, सोबत आलेल्या टोपीवर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकली. एका कडेला ठोकली की बाही तिरकी होते आणि चुरगळते, म्हणून सारखी फिरवत, दर दोन-तीन ठोक्यांनी स्केलने अंतर पाहत गेलो. बाहेर आलेला इपॉक्सी लगेच पुसला. हात फिरवला तर कुठेच कड लागत नाही.

हबमधले जुने कप पितळी सळईने आळीपाळीने समोरासमोर ठोकून काढले. नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये होते, आणि हब धुऊन, कोरडा करून, सकाळी अंघोळीच्या बंबाला टेकवून ठेवला होता. गार कप गरम हबात जवळजवळ हाताने बसतो. शेवटचं टेकवायला जुन्याच कपाची बाहेरची कड घासून तिचा ठोकणा केला. कप पूर्ण टेकल्यावर ठोक्याचा आवाज बदलतो. भदभद थांबून टणक आवाज येतो. तो येईपर्यंत थांबायचं नाही.

५ जून

हब बसवले. या एक्सलमध्ये बेअरिंगला ग्रीस नाही, हाऊसिंगचं गिअर ऑइलच लागतं. त्यामुळे बसवताना बेअरिंग त्याच ऑइलमध्ये बुडवून घेतले, आणि सीलच्या ओठाला ऑइलचं बोट फिरवलं. कोरडं सील पहिल्या काही किलोमीटरमध्येच जळतं.

यात सर्वांत जास्त वेळ नट आवळण्यात गेला, आणि तो द्यावाच लागतो. हब हाताने फिरवत आतला नट घट्ट केला, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट सैल केला, पुन्हा नुसता टेकेल इतका आवळला आणि थोडा मागे घेतला. चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावून हब आत बाहेर ढकलला. ०.१० मिमी. मग लॉक वॉशर, बाहेरचा नट, आणि तो पूर्ण आवळून पुन्हा मोजलं: ०.०४.

बाहेरचा नट आतल्या नटाला पुढे रेटतो, आट्यांमधली सैल जागा भरून निघते आणि हबचा खेळ (आत बाहेर हलायची मोकळीक) कमी होतो. म्हणून शेवटचं माप बाहेरचा नट आवळल्यानंतरचंच धरायचं. अशा हबला साधारण ०.०३ ते ०.१२ मिमी खेळ चालतो. शून्य केला तर गरम झाल्यावर बेअरिंग आवळलं जातं आणि जळतं. जास्त ठेवला तर हब डोलतो आणि सील खातो. उजवीकडे पहिल्या वेळी बाहेरचा नट आवळल्यावर डायल हललाच नाही. सगळं सोडून पुन्हा लावलं, ०.०५ मिळाले. डायल नसेल तर तो मागून आणा. हाताने हलवून ०.०५ कळत नाही. लॉक वॉशरचे कान दोन्ही नटांवर वाकवले.

ब्रीदरची टोपी नवी लावायच्या ऐवजी तिथे निपल लावून ऑइल चालणारी रबरी नळी वर चेसीपर्यंत नेली, तोंड खाली वळवून बांधलं. २१० रुपये. आता ते चिखलाच्या वर आहे.

७ जून

नवे शू तसेच लावले नाहीत. ड्रमच्या आत खडू घासून शू त्यात दाबून फिरवला. लायनरवर पांढरा ठसा दोन्ही टोकांना आला, मधला भाग काळाच. टोकांनी टेकणारा शू चाक पकडतो आणि ओरडतो. पॉलिश पेपर सपाट लाकडावर ताणून टोकं थोडी थोडी घासली, पुन्हा खडू, पुन्हा ठसा. मध्ये भरून आणि टोकांकडे फिका होत जाणारा ठसा मिळाल्यावर थांबलो. लायनरला ग्रीसचा हात लागू देऊ नका. शू बॅकप्लेटवर जिथे घासतात त्या ठिकाणी मात्र उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा ठिपका हवा.

उजव्या सिलिंडरच्या पाइपचा नट गंजलेला होता. त्याच्याबरोबर पाइपही पिळला गेला आणि अर्ध्यात तुटला. भेदक तेल आदल्या रात्रीपासून घालून ठेवलेलं, तरीही. नवा पाइप वळवून, टोकं दुहेरी फ्लेअर करून आणला, ३१० रुपये. तांब्याचा पाइप स्वस्त मिळतो आणि काही जण तो लावतात. साधं तांबं हादऱ्यांनी कडक होऊन चिरतं. ब्रेकला स्टीलचाच घ्या.

सिलिंडर आणि ब्रेकच्या कुठल्याही रबराला डिझेल, पेट्रोल, रॉकेल लावू नका. ते रबर फुगतं आणि पिस्टन अडकतो. गॅरेजमध्ये सगळं एकाच डिझेलच्या ट्रेमध्ये धुतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. नवं ब्रेक ऑइल किंवा ब्रेक क्लीनर, बस्स.

८ जून

ब्रेकच्या पाइपांतली एअर काढायची. जुनं ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर ती मर्यादा १५५ वर येते. घाटात सिलिंडर तापून वाफ झाली की पेडल जमिनीला जातं. सगळं बदललं, एक लिटर, ५२० रुपये.

थोरली मुलगी पेडलवर, मी खाली. आपल्याकडे मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) उजवीकडे, म्हणून सर्वांत लांबचं मागचं डावं चाक आधी, मग मागचं उजवं, मग पुढची. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून. "दाब. धरून ठेव. सोड." बराच वेळ बुडबुडे येतच राहिले, पेडल वर येईना.

कारण लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. तो चेसीवर असतो, एक दांडी एक्सलला जोडलेली. माल भरला की चेसी खाली बसते, दांडी वर सरकते, व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी चेसीवरून उचलली तर एक्सल लोंबतो, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा रस्ता आवळतो. गाडी एक्सलखालच्या घोड्यांवर घेतली, दांडी वायरने वर बांधली, व्हॉल्व्हच्या निपलमधूनही हवा काढली. मग वरून मुलीचा आवाज आला, "बाबा, आता खाली जात नाही."

गिअर ऑइल भरलं, जीएल-५ दर्जाचं, तीन लिटर, १,१४० रुपये. भरून झाल्यावर डावी बाजू जॅकने उचलून थोडा वेळ ठेवली, मग उजवी. त्यामुळे ऑइल दोन्ही हबपर्यंत पोहोचतं. नंतर पातळी पाहिली तर बरंच खाली गेलेलं, पुन्हा भरलं. हे न करता गाडी पळवली तर पहिले काही किलोमीटर नवे बेअरिंग जवळजवळ कोरडे फिरतात.

९ जून

रिकाम्या गाडीची चाचणी, दिंडोरी रोड. ब्रेक सरळ लागतो. परत येऊन लेझरचा थर्मामीटर लावला. उजवा ड्रम ६४ अंश, डावा ११८. हबचं मधलं तोंड मात्र दोन्हीकडे पंचेचाळीसच्या आसपास.

हे वाचायला शिका. बेअरिंग आवळलं असतं तर उष्णता हबच्या मध्यातून आली असती. ड्रम तापलाय आणि मध्य गार आहे, म्हणजे शू घासतायत. अ‍ॅडजस्टर सैल करून पाहिला, तरी चाक हाताने जड. हँडब्रेकची केबल गाडीखालून सोडली आणि चाक लगेच मोकळं झालं. डाव्या केबलच्या आवरणात पाणी जाऊन गंज, ओढली की परत जातच नव्हती. ६२० रुपयांची नवी केबल. मागच्या लायनरचा वासही कदाचित बराचसा हिचाच.

११ जून

केबल लावली. चाक मोकळं फिरतं, हँडब्रेक चौथ्या दातावर धरतो.

आता मागच्या स्प्रिंगचे पाटे. आधीच्या मालकाने दोन्ही बाजूंना एक एक जादा पाटा टाकलेला. आपल्याकडे द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या गाड्यांना हे सर्रास करतात. तीन-चार क्रेटचे थर जास्त लागतात, मागचा भाग बसत नाही, ड्रायव्हरला बरं वाटतं. पण व्हॉल्व्ह वजन मोजत नाही, तो फक्त चेसी किती खाली आली ते पाहतो. जादा पाट्यामुळे भरलेली गाडीही खाली बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते, आणि मागच्या ब्रेकला दाब मिळत नाही. सील, शू, सिलिंडर सगळं नवं करूनही भरलेली गाडी तशीच धावत गेली असती. ही एक गोष्ट मला कुठल्याही गॅरेजमध्ये सांगितली गेली नव्हती, आणि पिकअप चालवणाऱ्या प्रत्येकाने पाहून घ्यावी अशी आहे.

दोन्ही जादा पाटे काढले. व्हॉल्व्हची दांडी चिखलाने जड झाली होती, ती मोकळी केली. मग ब्रेकचं काम करणाऱ्याकडे दाबाचे गेज लावून तपासलं. दांडी खाली असताना आणि वर उचलल्यावर मागचा दाब स्पष्ट बदलतो. ५०० रुपये. दांडीची लांबी स्वतः अंदाजाने बदलू नका. मागे जास्त दाब दिला तर ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी मागून फिरते.

माल आता आरसीवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरायचा. जादा पाट्याने स्प्रिंग वाढते, हबचे बेअरिंग आणि ब्रेक तेवढेच राहतात.

१४ जून

भरलेल्या गाडीची चाचणी. वणीमार्गे नांदुरी आणि वर सप्तशृंगी गडावरच्या दुकानांचा किराणा, साधारण एक टन. म्हणजे टोमॅटोच्या वीस किलोच्या पन्नास क्रेटएवढा. थोडा माल परत आणायचा होता, त्यामुळे गड उतरताना गाडी अर्धी भरलेली. चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो, ब्रेक थोडा थोडा दाबून सोडत.

नांदुरीला थांबून मोजलं. मागचे दोन्ही ड्रम १३० च्या आत, एकमेकांपासून दहा अंशांच्या फरकात. हब हाताला सोसवतो. वास नाही. गाडी सरळ थांबते. पुढच्या वळणावर एक म्हैस आडवी आली तेव्हा पूर्ण ब्रेक दाबावा लागला, स्टिअरिंग हातात जागचं हललं नाही.

घरी येऊन चाकांचे आणि फ्लँजचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळले. नव्या कामानंतर पहिल्या फेरीला ते थोडे बसतात, दोन बोल्ट पाव फेरा फिरलेच.

२० जून

खर्च जोडला. वर लिहिलेल्या रकमा, शिवाय सीलंट आणि ब्रेक क्लीनरचे ५९०, मिळून १४ हजारांच्या थोडं वर. मामेभावाने डायल आणि टॉर्क रेंच दिले, ते विकत घ्यावे लागले तर वेगळे. मोठा फटका वेगळाच बसला. स्लीव्ह आणि केबलच्या वाट पाहण्यात कांद्याच्या खेपा दुसऱ्याच्या भाड्याच्या गाडीने कराव्या लागल्या, आणि ते भाडं सुट्या भागांच्या निम्म्यापर्यंत गेलं. काम सुरू करण्याआधी स्पिंडल, केबल आणि ब्रेक पाइप पाहून सगळं एकदम मागवलं तर हे वाचतं.

२७ जुलै

पाऊस जोरात, गाडी रोज चिखलात. मागची दोन्ही चाकं काढून ड्रम उघडले. लायनर कोरडे, रंग एकसारखा. ब्रीदरची नळी तोंडाने फुंकली, हवा जाते. गिअर ऑइल स्वच्छ, दुधाळपणा नाही. डाव्या हबचा खेळ डायलने पुन्हा मोजला, ०.०५.

पुढचे डिस्क पॅड चार मिलिमीटरवर आलेत, मागचे ब्रेक बंद असताना त्यांनी सगळा भार ओढला. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे लिलाव जोरात सुरू व्हायच्या आत ते बदलायचे, आणि त्याच वेळी पुढच्या कॅलिपरच्या पिना काढून पाहायच्या.